शाफ्टच्या तोंडावरची पाटी

रोजनिशीतील पाने : भरवेली, जिल्हा बालाघाट

3 जुलै 2024, बुधवार

दुपारी साडेतीनला पाऊस सुरू झाला आणि नेट गेलं. लाइन होती, कॉम्प्युटर चालू होते, नेट तेवढं नव्हतं. समोरच्या खोलीत सहा मुलं बसली होती, तीन जुन्या कॉम्प्युटरपुढे दोन-दोन. पायथनमधल्या याद्या शिकवत होते. आठवीतल्या मुलीनं विचारलं, "ताई, यादी उलटी करायची असली तर?" मी आज्ञा सांगितली. तिनं ती लिहिली आणि निघालेलं उत्तर छापायला सांगितलं. पडद्यावर उलटी यादी आली नाही. 'नन', म्हणजे 'काही नाही', हा एकच शब्द आला. मूळ यादी छापून पाहिली तर ती मात्र उलटी झालेली.

"असं का, ताई?"

काय झालं ते आम्ही दोघींनी पाहिलं होतं. का झालं ते मला सांगता येईना. अशा वेळी मी मुलांच्या समोरच पायथनची कागदपत्रं उघडते, म्हणजे उत्तरासोबत ते कुठे असतं हेही त्यांना कळतं. आज कोरं पान आलं. उद्या सांगते म्हटलं. तिनं प्रश्न वहीत लिहिला आणि खाली चार ओळींची जागा सोडून दिली.

त्या चार ओळी रात्रीपर्यंत डोळ्यांसमोर आहेत. भरवेलीत नेट नाही असं नाही. एरवी बरं चालतं. पण प्रश्न नेट बघून येत नाही. शोधायची सवय लावायची तर पुस्तक हाताशी हवं, आणि माझं सगळं पुस्तक दूरच्या कुठल्यातरी यंत्रावर आहे.

4 जुलै, गुरुवार

सकाळी मागच्या पानावर लिहून काढलं, मला नेमकं काय हवं ते.

एक, नेट नसताना चालावं. दोन, शब्द टाकला की त्या शब्दाच्या ओळीवर नेऊन सोडावं. पाचशे पानांच्या पहिल्या पानावर नव्हे. तीन, माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर, लिनक्सवर चालावं, आणि मुलांच्या घरी विंडोज आहे तिथेही. चार, पेनड्राइव्हवर घालून कोणालाही देता यावं आणि देताना कायदा मोडू नये. पाच, आपलं काही त्यात घालता यावं.

चौथ्या आणि पाचव्या ओळीमुळे 'फुकट' हा शब्द खोडला आणि 'मुक्त' लिहिला. फुकट मिळणारं पुष्कळ आहे, पण ते उघडून पाहता येत नाही, बदलता येत नाही, कधी कधी दुसऱ्याला देताही येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चार मोकळीकी: हव्या त्या कामासाठी वापरा, आतून कसं चालतं ते पाहा आणि बदला, प्रत दुसऱ्याला द्या, बदललेली प्रतही द्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 च्या सप्टेंबरमध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यातून ही व्याख्या पुढे आली. त्यांचं एक म्हणणं मला आज जास्त पटलं: मुक्त प्रणालींत मोठी उणीव सॉफ्टवेअरची नाही, चांगल्या मुक्त पुस्तिकांची आहे. प्रोग्राम बदलायची मोकळीक दिली आणि त्याची पुस्तिका बदलायची दिली नाही, तर बदललेल्या प्रोग्रामची पुस्तिका खोटी ठरते. म्हणून 2000 साली पुस्तिकांसाठी वेगळा ग्नू मुक्त दस्तऐवज परवाना निघाला.

6 जुलै, शनिवार

बाहेर शोधण्याआधी घरात काय आहे ते पाहिलं. आमच्या आईची रीत आहे, बाजारात जायच्या आधी डबे उघडून पाहायचे.

डबे भरलेले निघाले. लिनक्समध्ये 'मॅन' ही आज्ञा मी वर्षानुवर्षं वापरते, पण तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. ही पानं यंत्रावरच असतात, नेटशी त्यांचा संबंध नाही. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका काढली तिच्यावर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. तेव्हाची मांडणी अजून ओळखू येते: पहिल्या भागात रोजच्या आज्ञा, दुसऱ्यात प्रणालीला करायच्या विनंत्या, तिसऱ्यात प्रोग्रामरला लागणारी फलनं, पाचव्यात फाइलींची रूपं. आज्ञेचं नाव आठवत नसेल तर 'अप्रोपो' आहे. कामाचा शब्द द्या, ती जवळची पानं सांगते.

शिवाय 'डॉक' नावाचं एक कपाट, ज्यात बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा स्वतंत्र कप्पा. आणि डेबियनच्या भांडारात पायथनची संपूर्ण कागदपत्रं वेगळा गठ्ठा म्हणून मिळतात. एकदा उतरवून घेतली की ती आपली. मी ती कधी घेतली नव्हती, कारण नेट होतं.

उणीव एवढीच की मॅनची पानं ज्याला आज्ञा माहीत आहे त्याच्यासाठी लिहिलेली आहेत. आठवीतल्या मुलीला काळ्या खिडकीतलं दाट इंग्रजी पान दाखवलं तर ती ते मिटून टाकेल. तिला डावीकडे नावांची यादी, उजवीकडे पान, आणि वर शोधायची चौकट हवी.

9 जुलै, मंगळवार

बालाघाटला मावशीकडे गेले होते, तिच्याकडे नेट दमदार आहे. चौकटीचा प्रश्न सुटला.

मॅकवर 'डॅश' नावाचा एक प्रोग्राम आहे, बोगदान पोपेस्कू या प्रोग्रामरनं केलेला. शेकडो भाषांची आणि साधनांची कागदपत्रं तो यंत्रावर उतरवून घेतो आणि क्षणात शोधून देतो. पण तो विकत घ्यावा लागतो, त्याचा आतला मजकूर बंद आहे आणि लिनक्सवर, विंडोजवर तो चालत नाही. मात्र त्याच्या कर्त्यानं कागदपत्रांच्या गठ्ठ्याचं रूप, ज्याला डॉकसेट म्हणतात, उघडपणे सांगून ठेवलं, आणि आपण तयार केलेले डॉकसेट दुसऱ्या एका मुक्त प्रोग्रामला वापरू दिले. तो मुक्त प्रोग्राम 'झील'. लिनक्सवर चालतो, विंडोजवर चालतो, ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आहे. विकणाऱ्यानं न विकणाऱ्यासाठी आपलं कोठार उघडं ठेवलं, ही गोष्ट मला मनापासून आवडली.

'डेव्हडॉक्स'ही पाहिलं. थिबो कूरूबल यांनी 2013 साली सुरू केलेलं, आता फ्रीकोडकॅम्प ही संस्था सांभाळते. मुक्त आहे, देखणं आहे, एकदा साठवून घेतलं की नेटशिवायही चालतं. पण ते साठतं ब्राउझरच्या पोटात. मुलं खेळ उतरवताना ब्राउझर साफ करतात; त्यासोबत पुस्तकही जाईल. पेनड्राइव्हवर घालून देणंही सोपं नाही. झीलचे डॉकसेट म्हणजे साधे फोल्डर. उचलले, दुसऱ्या यंत्रावर ठेवले, झालं.

मावशीकडे बसून पायथन, एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि सी एवढे उतरवले. चहा दोनदा झाला. निघताना मावशी म्हणाली, "एवढं काय घेऊन चालली गं?" म्हटलं, "पुस्तकं." ती माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिली.

10 जुलै, बुधवार

तिन्ही कॉम्प्युटरवर झील बसवलं. मुलं यायच्या आधी नेटची वायर मुद्दाम काढून ठेवली.

आठवीतली आली. तिलाच शोधायला लावलं. आधी 'पायथन' लिहून विसर्गासारखे दोन टिंब द्यायचे, म्हणजे शोध तेवढ्याच पुस्तकात होतो, मग शब्द. तिसऱ्या अक्षराला यादी आली. पान उघडलं. मी मराठीतून वाचून दाखवलं: ही आज्ञा यादी जागच्या जागी उलटवते, म्हणजे मोठ्या यादीसाठी दुसरी जागा लागत नाही, आणि मूळ यादीच बदलली आहे याची आठवण राहावी म्हणून ती उलटी यादी परत देत नाही.

"म्हणजे चूक नव्हती," ती म्हणाली. "त्यांनी मुद्दाम केलंय, आपल्या लक्षात राहावं म्हणून."

वहीतल्या चार ओळी तिनं स्वतः भरल्या. अडीच ओळींतच झालं.

14 जुलै, रविवार

रविवारी बाबा उशिरा उठतात, नोकरीतल्या सगळ्या पाळ्यांची झोप अजून फेडायची आहे म्हणतात. बाबा भरवेलीच्या मँगॅनीजच्या खदानीत वाइंडिंग इंजिन ड्रायव्हर होते. शाफ्टमधून माणसं आणि माल वर-खाली करणारं इंजिन त्यांच्या हातात. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं, बस्तीत हे घर बांधलं.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "चार दिवस काय जोडजाड चालली?" मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात तेव्हा मधे बोलत नाहीत. ती इंजिनघरातली सवय आहे. मग म्हणाले:

"मले एक सांग. इंजिनघरातून केज दिसते काय? नाही दिसत. समोर काटा असते, केज किती खोल आहे ते दाखवणारा, आणि कानात घंटी. बस. चालत्या केजला एक ठोका आला का थांब. हे मले झोपेत पण माहीत होतं. तरी घंटीची पाटी समोर टांगलीच होती. शाफ्टच्या तोंडावर टांगली होती, खाली तळाले टांगली होती. ऑफिसच्या कपाटात ठेवली असती तर चाललं नसतं काय? कायद्यानं नसतं चाललं. ज्या जागी हात चालते, त्या जागी पाटी पाहिजे."

दहा दिवस मी जे शोधत होते त्याला यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडलं नव्हतं. धातूंच्या खाणींचे 1961 चे नियम संकेतांची पाटी ठळक जागी लावायला सांगतात, कारण खाली उभ्या माणसाला वर जाऊन वाचून येण्याची सोय नसते. नेट गेलेल्या खोलीतलं मूलही तसंच तळाशी उभं असतं. त्याचं पुस्तक वर कुठेतरी आहे, हे त्याच्या कामाचं नाही.

17 जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

आईचा उपास. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. क्लासला सुट्टी दिली नाही, मुलंच कमी आली.

आज किविक्स बसवलं. 2007 मध्ये एमान्युएल एंगेलहार्ट आणि रनो गोदँ यांनी सुरू केलेला हा मुक्त प्रोग्राम. अख्खा विकिपीडिया एका 'झिम' फाइलीत बांधून देतो. 1 मे 2003 ला सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यात मिळतो. हिंदी आणि मराठी दोन्ही उतरवून आणले होते. किविक्समध्ये एक मोठी सोय आहे: एका यंत्रावर फाइल ठेवली की घरातल्या वायफायवरून बाकीचे फोन आणि कॉम्प्युटर ती वाचू शकतात, बाहेरचं नेट लागत नाही. तीन यंत्रांवर तीन प्रती ठेवायची गरज उरली नाही.

सातवीतल्या मुलानं पहिला शब्द टाकला 'पंढरपूर'. आज तोच टाकायला हवा होता.

21 जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

मुलांनी फुलं आणली. एकीनं विचारलं, "ताई, झीलमध्ये मराठी का नाही?"

हा प्रश्न येणार होता. इथल्या मुलांची शाळा हिंदीत, घर मराठीत किंवा पोवारीत, कॉम्प्युटर इंग्रजीत. पुस्तक नेटशिवाय उघडलं, पण उघडलेलं पान वाचायला अजून मीच लागते. म्हणजे पाटी तळाशी आणली. पाटीवरची अक्षरं मात्र वरच्याच माणसाची आहेत.

मराठीतून शिकवणारं एक मोठं काम ठाऊक आहे: मुंबईच्या आयआयटीतला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प, प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा. पडद्यावर प्रोग्राम चालताना दिसतो आणि आवाज भारतीय भाषेत. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन, सी, गिंप. धडे मुक्त परवान्याखाली. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपला प्रोग्राम, पाहायचं आणि लगेच करायचं, अशी रीत. धडे नेटशिवाय पाहता यावेत म्हणून उतरवून घेण्याची सोय पहिल्यापासून ठेवली आहे. ज्यानं ही सोय केली त्याच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखी गावं होती.

मला त्यातलं सोनं वाटलं ते धड्यांच्या संहितांचं. प्रत्येक वाक्यापुढे ते धड्यात कितव्या मिनिटाला येतं ते लिहिलेलं असतं. मराठी संहिता साठवून घेतल्या. चलचित्रात शोधता येत नाही, संहितेत येतं. शब्द सापडला की धडा नेमक्या त्या मिनिटावर नेता येतो. मुलांना दाखवलं तर त्यांनी ते माझ्यापेक्षा भराभर करून दाखवलं.

28 जुलै, रविवार

शेजारच्या काकूंचा मुलगा संध्याकाळी आला. खदानीत ठेकेदाराकडे काम करतो, मेटच्या परीक्षेची तयारी करतोय. फोनमध्ये पाच पीडीएफ: 1952 चा खाण कायदा, 1961 चे नियम, प्रशिक्षणाच्या नोट्स. "ताई, एका प्रश्नासाठी तासभर पानं सरकवतो. रात्रपाळी करून आल्यावर डोळे मिटतात."

झील इथे कामाचं नाही; त्याला आधी बांधलेली सूची लागते. त्याच्यासाठी 'रिकॉल'. आपल्या फोल्डरमधली सगळी कागदपत्रं तो एकदा वाचून काढतो, शब्दांची सूची करून ठेवतो, आणि मग पीडीएफच्या पोटातला शब्दही क्षणात काढून देतो, पानासकट. हाही मुक्त. विंडोजसाठी बांधून ठेवलेल्या प्रतीचे त्याचा कर्ता थोडे पैसे मागतो आणि तरीही तो मुक्तच आहे. मुलांना मुक्त आणि फुकट यांतला फरक समजावायला हे उदाहरण चांगलं.

कायदा आणि नियम इंग्रजीत होते, ते लगेच सापडू लागले. वायुवीजनाचा एक शब्द टाकला तर त्याच्या मुळापासून झालेली बाकी रूपंही आली. हिंदी नोट्स मात्र गप्प. पान डोळ्यांना स्वच्छ हिंदी दिसतं, शोधलं तर एकही शब्द नाही. एक ओळ उचलून दुसरीकडे डकवली तर रोमन अक्षरांचा चिवडा पडला. तेव्हा कळलं: नोट्स जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टांत आतली अक्षरं रोमन असतात, त्यांच्यावर नागरी चित्र चढवलेलं असतं. माणूस चित्र वाचतो, यंत्र आतलं अक्षर वाचतं. आपल्या प्रदेशातली कितीतरी सरकारी आणि शाळेची कागदपत्रं अशी मुकी पडली आहेत.

उपाय सापडला. 'टेसरॅक्ट' हा अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, मुळात एचपी कंपनीत झालेला, 2005 साली मुक्त केलेला. हिंदी आणि मराठी दोन्ही वाचतो. 'ओसीआरमायपीडीएफ' त्याच्या मदतीनं पानाचं चित्र नव्यानं वाचतं आणि खऱ्या युनिकोड अक्षरांचा एक अदृश्य थर पानाखाली घालतं. रात्री साडेअकराला नोट्स बोलू लागल्या. काही जोडाक्षरं चुकली, पण शोध लागतो. मुलगा पेनड्राइव्ह खिशात घालून गेला. जाताना म्हणाला, "आता झोपायच्या आधी पाच प्रश्न होतील."

4 ऑगस्ट, रविवार

रिकॉलच्या फोल्डरमध्ये आज एक जुना ग्रंथ घातला, इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेला. एल. एल. फर्मर यांचा भारतातल्या मँगॅनीजच्या साठ्यांवरचा ग्रंथ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेचा 37 वा खंड, 1909 चा, हजारावर पानांचा. कॉपीराइटची मुदत संपलेला, म्हणून कोणालाही वाचायला आणि वाटायला मोकळा.

बालाघाट टाकलं. निकालांची रांग लागली. मग 'गोंडाइट' टाकलं. स्पेसार्टाइट गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या या दगडाला फर्मरनं गोंड लोकांवरून नाव दिलं. आमच्या क्लासमधल्या दोन मुली गोंड आहेत. एकीला म्हटलं, जगभर भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे. तिनं तो तीन वेळा शोधला, दर वेळी वेगळ्या पानावर.

बाबांनी सांगितलेली, त्यांच्या खदानीच्या कंपनीची गोष्ट मुलांना पाठ आहे: 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, पुढे गोऱ्यांची मँगॅनीज ओर कंपनी, 1962 मध्ये सरकारनं हाती घेऊन मॉइल, मुख्य ऑफिस नागपूरला. इथल्या जमिनीबद्दल शंभर वर्षांपूर्वी एवढं लिहिलं गेलं आणि ते या जमिनीवर राहणाऱ्यांच्या घरात नव्हतं. आज आहे.

11 ऑगस्ट, रविवार

बाबांनी ट्रंकेतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. वाइंडिंग इंजिन ड्रायव्हरच्या सर्टिफिकेटची तयारी करताना लिहिलेली, त्यांची स्वतःची. खदानीच्या नोंदवह्या खदानीत राहतात, ही घरची. मराठी, हिंदी, इंग्रजी शब्द, सगळं नागरीत. ब्रेक धरतो की नाही ते पाळी सुरू होताना कसं पाहायचं. रोपला वंगण का. वाऱ्याचा रस्ता. पावसाळ्यात तळाचं पाणी.

"हे पण शोधता येईल काय, तुझ्या त्या झीलमध्ये?"

हातचं अक्षर टेसरॅक्टला वाचता येत नाही, ते छापील मजकुरासाठी आहे. म्हणजे टाइप करणं आलं. पण पुढचं सोपं निघालं. डॉकसेट आतून पाहिला: एक ओळखपत्राची फाइल, एका फोल्डरमध्ये वेबच्या साध्या पानांसारखी पानं, आणि एक छोटा एसक्यूलाइट कोठा. त्या कोठ्यात एकच तक्ता लागतो: शब्द, तो कोणत्या जातीचा, आणि तो कोणत्या पानावर आहे. एवढंच. ज्याला वहीची अनुक्रमणिका करता येते त्याला डॉकसेट करता येतो. एसक्यूलाइट डी. रिचर्ड हिप यांनी 2000 साली काढलं आणि सरळ सर्वांच्या मालकीचं करून टाकलं, हेही इथे लिहून ठेवते.

डॉकसेटचं नाव 'भरवेली' ठेवलं. बाबा वाचून सांगतात, मी टाइप करते. रोज दोन पानं. कोणता शब्द सूचीत जायला हवा ते बाबा ठरवतात, कारण घाईत माणूस काय शोधतो ते त्यांना माहीत आहे.

18 ऑगस्ट, रविवार

आज अडलं. 'वाऱ्याचा' टाकलं तर झील म्हणतं, नाही. पान समोर उघडं आहे, शब्द डोळ्यांना तोच आहे, तरी नाही.

दुपारभर लागली. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत युनिकोडचा वेगळा ऱ आणि हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा, शून्य रुंदीचा एक जोडक. कागदावर दोन्ही सारखेच. मी कॉम्प्युटरवर टाइप केलं ते एका तऱ्हेनं, भाचीनं फोनवरून दोन पानं करून पाठवली ती दुसऱ्या. हिंदीत हा र नाही, म्हणून हिंदीवाल्यांना ही अडचण येत नाही. ती आपली आहे आणि आपल्यालाच सोडवावी लागेल. सूचीत प्रत्येक असा शब्द दोन वेळा घातला, दोन्ही तऱ्हांनी, पान एकच. दुसऱ्या, वाऱ्याचा, पायऱ्या, दोऱ्या. सगळे सापडू लागले.

बाबांना दाखवलं. त्यांनी एका बोटानं, सावकाश, स्वतःचा शब्द टाकला. स्वतःचंच वाक्य वर आलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

24 ऑगस्ट, शनिवार

मुलांची पानं 'भरवेली'त घालायला सुरुवात. नियम एकच: ज्याला प्रश्न पडला त्यानंच उत्तर शोधायचं आणि आपल्या शब्दांत लिहायचं, मराठी, हिंदी, पोवारी, जे येईल ते. पहिलं पान आठवीतल्या मुलीचं: 'यादी उलटी केली तर नन का येतं'. अडीच ओळी, वहीतून जशाच्या तशा. आज अकरा पानं आहेत. इंग्रजी पुस्तकाच्या मानानं काहीच नाही. पण या अकरा पानांसाठी मी खोलीत असायची गरज नाही.

3 सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा झाला, आज नारबोद. सकाळी बस्तीतल्या मुलांनी पुतळा गावाबाहेर नेला, रोगराई आणि इडापिडा त्याच्यासोबत धाडली. अंगण झाडून झाल्यावर बाबांनी एक पुठ्ठा मागितला. त्यावर मोठ्या अक्षरांत त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि समोरच्या खोलीत कॉम्प्युटरच्या वर, मुलांच्या नजरेच्या उंचीला टांगल्या:

आज्ञा विसरली : मॅन.
भाषेतलं अडलं : झील.
जगातलं काही : किविक्स.
आपल्या कागदातलं : रिकॉल.

मी म्हटलं, 'भरवेली' राहिली. ते म्हणाले, ती झीलमध्येच आहे ना, मग पोरं काढतील.

दुपारी सहाच्या सहा मुलं आली. मी आत आईसोबत पुऱ्या तळत होते. बाहेरून बोलण्याचे, कीबोर्ड बडवण्याचे आवाज येत होते. पुऱ्या घेऊन बाहेर आले तेव्हा शेजारचा मुलगा दारात उभा होता, विचारत होता, "ताई, तुमच्याकडे पण नेट गेलं काय? आमच्याकडे तीन वाजल्यापासून नाही."

घड्याळात साडेचार वाजले होते. खोलीतलं कोणी मला सांगायला आलं नव्हतं.